‘विटा’ आणि ‘व्हिटा’ : खेळयंत्रांच्या नावांतील एक ध्वनिविचार

‘कसबा’ हा शब्द मुळात अरबी. फारसीच्या वाटेने मराठीत येताना त्यातील कंठमूलीय वर्ण आपल्या साध्या ‘क’मध्ये विरून गेला. आज कसबा पेठेत ग्रामदैवताच्या दारी उभ्या असलेल्या कोणासही तो परका वाटत नाही. याच पेठेतील मुलांच्या तोंडी खेळयंत्रांची नावे ऐकताना मात्र उलट प्रकार आढळतो.

सोनी कंपनीने डिसेंबर २०११ मध्ये जपानात ‘प्लेस्टेशन व्हिटा’ विक्रीस आणले. लॅटिनमध्ये ‘व्हिटा’ म्हणजे जीवन. जपानीत हा आद्य ध्वनी स्वभावतः नाही. तेथे सामान्य बोलण्यात त्याचा ‘ब’ होतो. मराठीत त्याचा ‘व’ झाला असता, तर हाती यंत्राऐवजी विटाच आल्या असत्या, किंवा सांगली जिल्ह्यातील विटा शहर! रोमन लिपीत दोन्ही नावे एकसारखीच लिहिली जातात. त्यांतील भेद राखतो तो ‘व्ह’.

हा ‘व्ह’ आला कोठून? पोर्तुगीजांकडून आलेल्या ‘चावी’त त्याच मूळ ध्वनीचा ‘व’ झाला. ‘कोबी’ची पोर्तुगीज व्युत्पत्ती मान्य केल्यास तेथे ‘ब’ झाला. इंग्रजी अमदानीत मात्र ‘व्हिक्टोरिया’, ‘व्हाइसरॉय’ अशी रूपे रुळली. इंग्रजी दन्तोष्ठ्य वर्णात घर्षण स्पष्ट असते, मराठी ‘व’मध्ये ते क्षीण असते, ती उणीव हकाराच्या श्वासाने भरून काढली गेली. त्यासाठी नवा वर्ण घडवावा लागला नाही. ‘व्हावे’, ‘नव्हे’ यांत तो घरचाच होता. हिंदीस ही सोय नसल्याने तेथे ‘वीडियो’ आणि ‘वेटर’ यांचा आरंभ एकाच वर्णाने होतो.

निन्टेन्डोने एप्रिल २००६ मध्ये जाहीर केलेल्या ‘वी’ या नावात कंपनीस इंग्रजीतील ‘आम्ही’ अभिप्रेत होते. इंग्रज श्रोत्यांना त्यात लघुशंकेचा बालिश शब्द ऐकू आला व हसे झाले. फ्रेंच कानाला तो होकार वाटणे स्वाभाविक होते. हिंदी भाषकास त्यात रोमन वर्णमालेतील बाविसावे अक्षर ऐकू येईल. मराठी भाषकास तसे वाटणार नाही, कारण त्या अक्षरास तो ‘व्ही’ म्हणतो.

अलीकडे विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत ‘विडिओ’ हे रूप वरचेवर दिसू लागले आहे. त्यास केवळ लेखनदोष समजून तांबडी रेघ ओढणे मला पुरेसे वाटत नाही. ते लिहिणारा विद्यार्थी बोलतानाही ‘व’च उच्चारतो काय, हे प्रथम कान देऊन ऐकले पाहिजे.