संघराज्य हवं, पण कोणाला आणि कधी? श्रीलंकेचं उदाहरण

‘अमुक देशाने संघराज्य पद्धती स्वीकारावी का?’ इतिहासात किंवा राज्यशास्त्रात पीएच.डी.चा विषय शोधताना हा प्रश्न हमखास सुचतो. मग आराखडा ठरलेला: पहिल्या प्रकरणात वैशिष्ट्यं, दुसऱ्यात फायदे, तिसऱ्यात तोटे आणि शेवटी ‘समतोल साधला पाहिजे’. परीक्षेच्या उत्तराला एवढं पुरतं, संशोधनाला पुरत नाही. का ते श्रीलंकेवरून बघू.

आधी एक फरक पक्का करून घ्या. एकात्म राज्यात प्रांतांना दिलेले अधिकार केंद्र परत घेऊ शकतं. संघराज्यात अधिकारांची वाटणी संविधानातच केलेली असते आणि केंद्राला ती एकट्याने बदलता येत नाही.

आता प्रश्न असा: श्रीलंकेत, म्हणजे तेव्हाच्या सिलोनमध्ये, संघराज्य सगळ्यात आधी कोणी मागितलं? बहुतेक जण उत्तर देतात ‘तमिळांनी’. पण कागदपत्रं वेगळं सांगतात. 1926 मध्ये ऑक्सफर्डहून नुकतेच परतलेले सिंहली तरुण नेते एस. डब्ल्यू. आर. डी. बंदरनायके यांनी वर्तमानपत्रात लेखमाला लिहून संघराज्याचा पुरस्कार केला आणि जाफन्याला जाऊन तेच भाषणातही मांडलं. पुढच्याच वर्षी डोनोमोर आयोग आला. त्याच्यासमोर कँडीच्या सिंहली पुढाऱ्यांनी देशाचे तीन घटक करण्याची मागणी ठेवली: कँडीचा डोंगराळ प्रदेश, किनारपट्टीचा सिंहली प्रदेश आणि उत्तर-पूर्वेचा तमिळ प्रदेश. तमिळ नेतृत्वाला तेव्हा या कल्पनेत फारसा रस नव्हता. त्यांचं लक्ष कोलंबोच्या विधिमंडळात आपल्याला किती जागा मिळतात याकडे होतं.

कँडीवाल्यांना संघराज्य का हवं होतं? त्यांचं राज्य इंग्रजांनी 1815 मध्ये घेतलं आणि 1833 मध्ये सगळ्या बेटाचा कारभार एक केला. नंतर किनारपट्टीचे शिकलेले, व्यापारात पुढे गेलेले सिंहली डोंगरात आले. कँडीच्या जागांवरही तेच निवडून येऊ लागले. त्यातच चहाच्या मळ्यांवर दक्षिण भारतातून आणलेल्या तमिळ मजुरांची संख्या मोठी. म्हणजे धर्म आणि भाषा बहुसंख्याकांची असूनही कँडीच्या माणसाला आपल्याच प्रदेशात बाजूला पडण्याची भीती होती.

डोनोमोर आयोगाने ही मागणी मान्य केली नाही, पण त्याच्या शिफारशींवरून 1931 मध्ये सार्वत्रिक प्रौढ मताधिकार आला. स्वातंत्र्यानंतर 1948 चा नागरिकत्व कायदा आणि 1949 ची मताधिकाराची दुरुस्ती यांमुळे मळ्यांवरच्या बहुसंख्य तमिळांचं नागरिकत्व आणि मत गेलं. 1947 मध्ये मळ्यांच्या भागातून त्यांचे खासदार निवडून आले होते. 1952 मध्ये एकही आला नाही. त्या भागातली राजकीय ताकद कँडीच्या सिंहली मतदाराकडे आली. त्याची जुनी भीती उरली नाही आणि संघराज्याची गरजही.

गंमत बघा, याच कायद्यामुळे ती मागणी दुसरीकडे जन्माला आली. नागरिकत्वाच्या प्रश्नावरून तमिळ काँग्रेस फुटली आणि डिसेंबर 1949 मध्ये एस. जे. व्ही. चेल्वनायकम यांनी नवा पक्ष काढला. इंग्रजीत त्याचं नाव फेडरल पार्टी. तमिळ नावात ‘अरसु’ हा शब्द होता, ज्याचा अर्थ राज्य. ‘यांना वेगळं राज्यच हवंय’ हा आरोप करायला विरोधकांना तेवढं पुरलं.

पण तमिळ मतदार लगेच त्यांच्यामागे गेला असं समजू नका. 1952 मध्ये पक्षाला दोनच जागा मिळाल्या, खुद्द चेल्वनायकम हरले. 1956 मध्ये मात्र दहा जागा आल्या. मधल्या काळात संघराज्याचे फायदे-तोटे बदलले नव्हते. बदललं होतं ते हे, की फक्त सिंहलीला राजभाषा करण्याची लाट आली होती. आणि तो कायदा आणणारे पंतप्रधान कोण? 1926 मधले तेच बंदरनायके.

‘बंदरनायके उलटले’ असं लिहून मोकळं होणं सोपं आहे, पण त्यांनी जुलै 1957 मध्ये चेल्वनायकम यांच्याशी करारही केला होता. त्यात संघराज्याऐवजी प्रादेशिक परिषदांवर तडजोड झाली. विरोधी पक्ष आणि भिक्खूंच्या दबावापुढे एप्रिल 1958 मध्ये त्यांनी तो रद्द केला. 1972 च्या संविधानाने ‘एकात्म राज्य’ हे शब्द कलमातच घातले. 1976 मध्ये वड्डुकोडई इथे तमिळ पक्षांनी स्वतंत्र देशाचा ठराव केला. 1983 ते 2009 यादवी युद्ध झालं.

मधेच, 1987 मध्ये, 13 व्या दुरुस्तीने प्रांतिक परिषदा आल्या. सुरुवातीचा फरक इथे लागतो. सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा निकालात सांगितलं की या परिषदांमुळे राज्याचं एकात्म स्वरूप बदलत नाही. 2017 मध्ये त्याच न्यायालयाने संघराज्याची मागणी म्हणजे फुटीरता नव्हे, असाही निर्णय दिला. 1926 मध्ये वर्तमानपत्रात खुलेपणाने चर्चिली गेलेली कल्पना गुन्हा नाही, हे 91 वर्षांनी न्यायालयाला सांगावं लागलं!

यावरून ‘1926 मध्येच संघराज्य केलं असतं तर युद्ध टळलं असतं’ असं लिहू नका. ते सिद्ध करता येत नाही, आणि मार्गदर्शक पहिला हात तिथेच घालतील. सिद्ध करता येतं ते एवढंच: ही मागणी कायम एकाच समाजाची नव्हती. केंद्रात आपलं चालणार नाही असं ज्याला वाटलं, त्याने ती केली. आणि मागणारा बदलला तसा त्याच शब्दाचा अर्थ ऐकणाऱ्यांसाठी बदलला.

म्हणून नेपाळ असो, म्यानमार असो, सिनॉप्सिस लिहिण्याआधी एक साधा तक्ता करा. तीन रकाने: वर्ष, मागणी करणारा गट, त्याला वाटणारी भीती. वीस-तीस वर्षांच्या अंतराने नोंदी भरा. दुसऱ्या रकान्यातलं नाव जिथे बदलेल, तिथे थांबा. त्याच्या आधीच्या चार-पाच वर्षांत कोणता कायदा झाला, कोणती निवडणूक झाली ते शोधा. तुमचा संशोधनप्रश्न बहुधा तिथेच सापडेल.