तुकड्यांतून साकारलेला खडक

अमरावती-अकोल्याकडील मंडळींना लोणारचें सरोवर परकें नाहीं. वऱ्हाडांतल्याच बुलढाणा जिल्ह्यांतील हें विवर सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचें आहे. तें ज्वालामुखीनें झालें, कीं आकाशांतून कोसळलेल्या पाषाणानें, हा वाद दीर्घकाळ चालला. १९७३ सालीं फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन व बालसुंदरम् यांनीं विवराच्या तळाखालून वेधून काढलेल्या खडकांत मास्केलिनाइट नांवाची काच दाखविली आणि पारडें आघाताकडे झुकलें. हिच्या कणाचें बाह्यरूप स्फटिकाचेंच असतें. आंतील रचना मात्र प्रचंड दाबानें मोडलेली असते.

हा पुरावा वाचावयाचा तो सूक्ष्मदर्शकाखालीं. खडकाचा ०.०३ मिलिमीटर जाडीचा छेद काटकोनांत ठेवलेल्या दोन ध्रुवणपट्ट्यांमध्यें फिरविला, कीं स्फटिक आळीपाळीनें उजळतात. काच काळीच राहते. परंतु यंत्राची दृष्टि अरुंद. समजा, एका छायाचित्रांत २ गुणिले १.५ मिलिमीटर भाग मावतो व छेद २० गुणिले १५ मिलिमीटरचा आहे. शेजाऱ्या-शेजाऱ्यांत दहावा हिस्सा सामाईक ठेवला, तर १२१ छायाचित्रें लागतात.

पूर्वीं अशीं छायाचित्रें कात्रीनें कापून चिकटवीत. फूरिए या फ्रेंच गणितज्ञानें १८२२ सालीं ग्रंथरूपानें मांडलेल्या विचाराच्या आधारें १९७५ सालीं कुग्लिन व हाइन्स यांनीं निराळी रीत दिली. चित्रांचें तरंगांत पृथक्करण करावयाचें व तरंगांच्या कलांतील फरकावरून एक चित्र दुसऱ्यापासून किती सरकलें, तें काढावयाचें. तथापि एकामागून एक जोडीत गेल्यास केसभर चूक शेवटीं बोटभर होते. म्हणून २००९ सालीं प्राइबिश, साल्फेल्ड व टोमांचाक यांनीं सर्व जोडांचा एकदम मेळ घालणारी प्रणाली प्रसिद्ध केली. रॅस्बँड यांच्या १९९७ च्या ‘इमेज-जे’वर उभारलेल्या ‘फिजी’ ह्या मुक्त संचांत ती आहे. ती विनामूल्य मिळते आणि तिची घडण कोणालाही तपासतां येते. महागडें यंत्र नसलेल्या महाविद्यालयाला हा लाभ लहान नव्हे.

पण सावधगिरी हवी. जोड चुकला, तर खडकांत नसलेली भेग चित्रांत उमटते आणि असलेली लोपते. लोणारच्या उत्पत्तीचा निवाडा अशाच सूक्ष्म खुणांनीं झाला. म्हणून अखंड चित्र हातीं आल्यावरही तीं मूळ १२१ छायाचित्रें जपून ठेवावीं. वाद पुन्हा उपस्थित झाला, तर साक्ष तींच देतील.