दिलकुशा : एका इंग्रजी वाड्याची लखनौतील प्रतिकृती

लखनौस बदलून आलेला मराठी माणूस गोमतीकाठची दिलकुशा कोठी सत्तावनच्या उठावाचे भग्न स्मारक म्हणूनच पाहतो. तिची कुळकथा मात्र इंग्लंडातली आहे. नॉर्थंबरलंडमधील सीटन डेलावल हा भव्य वाडा व्हॅनब्रू या वास्तुविशारदाने १७१८ च्या सुमारास रचावयास घेतला. त्याच धर्तीवर गोर औस्ली या इंग्रजाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी नवाब सादत अली खानासाठी ही कोठी उभारली. भोवती हरणांचे रान राखले. नवाब तेथे शिकारीस जात. याच नवाबाने १८०१ च्या तहाने निम्मे राज्य कंपनीस दिले होते.

१८२२ च्या आगीत मूळ वाड्याचा मध्यभाग जळाला. दिलकुशेचा घास युद्धाने घेतला. नोव्हेंबर १८५७ मध्ये कॅम्पबेलच्या फौजेने येथे तळ दिला. कानपुरास नानासाहेब पेशव्यांच्या सैन्याला हरविणारा हॅवलॉक २४ तारखेस येथेच आमांशाने वारला.

सीटन डेलावल २००९ पासून नॅशनल ट्रस्टकडे जपला जात आहे. दिलकुशेच्या भिंती व मनोरे तेवढे उरले आहेत. भोवती बाग आहे. घराचा नमुना उसना आणता येतो; ते राखण्याचे बळ उसने मिळत नाही, हेच दिलकुशेचा इतिहास सांगतो.