सावळा विठ्ठल आणि बीदरची वाट

हिंदू समाजाने ज्या दैवतांवर सर्वाधिक जीव लावला, त्यांतील पुष्कळशी दैवते वर्णाने काळीसावळी आहेत. नित्य परिचयामुळे ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. राम सावळा आहे. कृष्णाचे तर नावच काळा या अर्थाचे. पुरीचा जगन्नाथ, बंगालची काली आणि पंढरीचा विठोबा ही दैवते त्याच वर्णाची. उलटपक्षी, ज्या घरांत या देवांची पिढ्यान्‌पिढ्या पूजा चालते, त्याच घरांत सोयरीक जुळविताना मुलगी गोरी आहे काय, हा प्रश्न कुलशीलाच्याही आधी विचारला जातो. देव्हाऱ्यात जो वर्ण पूज्य, तोच बोहल्यावर उणा का ठरावा, या विसंगतीचा विचार करावयाचा झाल्यास मराठी व कानडी मुलखांच्या सीमेवरील औराद-बीदरच्या परिसराकडे दृष्टी टाकणे उपयुक्त ठरते. कारण भक्तिपरंपरेच्या सांगण्याप्रमाणे सावळा विठ्ठल स्वतःची वीट सोडून एकदाच एका दरबारात गेला, आणि तो दरबार बीदरचा होता.

औराद हे बीदरच्या उत्तरेस असलेले तालुक्याचे ठिकाण. अमरेश्वराचे देवस्थान हे त्याचे भूषण होय. निझामाच्या हैदराबाद संस्थानात असलेला हा मुलूख सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर भारतीय संघराज्यात आला. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा जुन्या बीदर जिल्ह्याची तीन राज्यांत वाटणी करण्यात आली. उदगीर, निलंगा व अहमदपूर हा भाग तत्कालीन मुंबई राज्यात, जहिराबाद व नारायणखेड आंध्र प्रदेशात, आणि बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद हा भाग म्हैसूर राज्यात गेला. म्हैसूर राज्याचे कर्नाटक असे नामांतर १९७३ मध्ये झाले. त्यामुळे आज एक औराद कर्नाटकात आहे, आणि औराद शहाजानी या नावाचे दुसरे गाव सीमेपलीकडे महाराष्ट्राच्या निलंगा तालुक्यात आहे. मराठी, कानडी, उर्दू आणि तेलुगू या चार भाषा ज्याच्या कानावर नित्य पडतात, अशा या मुलखात विठ्ठल कोणा एका भाषेचा म्हणून राहिलेला नाही. ज्ञानेश्वरांच्या नावावरील अभंगातच त्याला कानडा म्हटले आहे; आणि कानडी हरिदासांचे मुकुटमणी पुरंदरदास यांनी आपल्या पदांची मुद्रिका विठ्ठलाच्या नावानेच घेतली आहे.

येथील भूमीचाही या विषयाशी संबंध आहे. बीदर शहर जांभ्या दगडाच्या तांबड्या पठारावर वसलेले आहे. पण उत्तरेकडे औराद व भालकीच्या बाजूस उतरल्यावर काळी कसदार जमीन लागते. मराठी गावगाड्यात गावाचे दोन भाग मानले जात. लोकवस्तीची ती ‘पांढरी’ आणि पिकाची ती ‘काळी’. घरे पांढरीत उभी राहतात, पण पोट काळीवर चालते. शेतकरी जमिनीला काळी आई म्हणतो तो काही केवळ लाडाने नव्हे. पाऊस धरून ठेवणारी, बी पोटात घेऊन अंकुर देणारी ती काळीच होय. ज्या समाजाचे अन्न काळ्या मातीतून येते, त्याने काळ्या पाषाणात आपला अन्नदाता पाहिला, यात नवल ते कोणते?

आता या सावळ्या देवाच्या नावातील एक कोडे पाहू. विठ्ठलाची मूर्ती काळ्या पाषाणाची; परंतु त्याचे अत्यंत लाडके नाव पांडुरंग. संस्कृतात पांडुरंग म्हणजे पांढऱ्या वर्णाचा. काळ्या देवास गोरे नाव कसे पडले? गाईंच्या खुरांची धूळ अंगावर बसल्यामुळे तो धवल दिसला, असे भाविक सांगतात. संशोधक त्याचा उलगडा वेगळ्या रीतीने करतात. होयसळ राजा सोमेश्वर याच्या १२३७ च्या शिलालेखात या क्षेत्राचे नाव ‘पंडरगे’ असे आले आहे. या कानडी वळणाच्या ग्रामनामास पुढे संस्कृत रूप देण्यात येऊन पांडुरंग हे नाव सिद्ध झाले असावे, असे मत मांडले गेले आहे. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधले. जैन आचार्य हेमचंद्राच्या कोशात पांडुरंग हे नाव रुद्राचे, म्हणजे शिवाचे आहे. शिव कर्पूरासारखा गौर आणि विष्णू मेघासारखा श्याम. विठोबाने मस्तकी शिवलिंग धारण केले आहे, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहेच. म्हणजे गोरे नाव आणि काळी काया एका ठायी आणून या क्षेत्राने शैव व वैष्णव यांचा वाद मिटविला, असे म्हणण्यास हरकत नाही. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथास ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ असे नाव दिले ते यथार्थ होय. विठ्ठलाचे मूळ त्यांनी गवळी-धनगरांच्या लोकदैवतात शोधले आहे. खांद्यावर काळी घोंगडी घेऊन गुरे राखणाऱ्यांचा हा देव राजांनी मागाहून मानला.

शास्त्रग्रंथांतही श्याम वर्ण हीन ठरविलेला नाही. महाभारताचे कर्ते मानले गेलेले व्यास हे कृष्णद्वैपायन. द्रौपदीचे नाव कृष्णा. आणि अर्जुनाच्या दहा नावांतही कृष्ण हे एक नाव आहे. राम या शब्दाचाही एक प्राचीन अर्थ काळा असा असून रात्रीस राम्या म्हटलेले आढळते. वनपर्वात हनुमान भीमास युगधर्म सांगतो, तेव्हा नारायणाचा वर्ण कृतयुगात शुभ्र, त्रेतायुगात तांबडा, द्वापरात पिवळा व कलियुगात काळा असतो, असे वर्णन येते. याचा भावार्थ असा की, दुःख व अधर्म वाढलेल्या युगात देव गोरा राहून दूर उभा राहत नाही. त्या काळोखाचाच वर्ण तो स्वतः धारण करतो. योगमार्गीय मराठी परंपरेत देहाच्या चार अवस्थांना चार वर्ण दिले आहेत. स्थूलास तांबडा, सूक्ष्मास पांढरा, कारणास श्याम आणि महाकारणास निळा. येथेही पांढऱ्याच्या पलीकडे श्याम आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. पांढरा प्रकाश वस्तू वेगवेगळ्या दाखवितो. अंधारात त्यांचे भेद मावळतात. म्हणून ज्याच्यात सर्व भेद लय पावतात, त्याचा वर्ण काळा कल्पिला गेला. मराठीत काळ आणि काळा हे शब्द शेजारी नांदतात, आणि कालीच्या उपासनेत या दोहोंची सांगड घातलेली आहे.

आता बीदरची कथा. बहमनी राज्याची राजधानी पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात गुलबर्ग्याहून बीदरास आली. मंगळवेढे हे त्या राज्यातील ठाणे असून तेथील धान्याची कोठारे दामाजीपंत नावाच्या अंमलदाराच्या ताब्यात होती. मोठा दुष्काळ पडला. परंपरा तो १४६० च्या सुमाराचा मानते. अन्नावाचून मरणारी माणसे पाहून दामाजीपंतांनी सरकारी कोठारे खुली केली. हुकमावाचून सरकारी धान्य वाटणे हा कारभाऱ्याचा अक्षम्य अपराध होय. त्यांना धरून बीदरास नेण्याचा हुकूम सुटला. कथा सांगते की, दामाजीपंत वाटेवर असतानाच विठ्ठल महाराचे रूप घेऊन बीदरच्या दरबारात उभा राहिला. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, काळासावळा विठू महार. त्याने धान्याची पुरी किंमत मोजून दिली आणि रीतसर रसीद घेतली. ती रसीद दामाजीपंतांना आपल्या गीतेच्या पोथीत सापडली. आणि ज्याच्या दर्शनासाठी जन्म घालवावा, त्याने आपल्यासाठी पायपीट केली, या जाणिवेने त्यांनी चाकरी सोडून पंढरीची वाट धरली. महिपतींनी १७६२ मध्ये पूर्ण केलेल्या ‘भक्तविजय’ ग्रंथात ही कथा आहे. मंगळवेढे येथे दामाजीपंतांचे मंदिरही आहे.

ही भक्तांची कथा आहे. तिला दरबारी दप्तराचा पुरावा म्हणून कोणी मानू नये. परंतु समाजाने आपला देव कोणत्या वेशात पाहिला, याचा ती अस्सल पुरावा आहे. देवाला ब्राह्मण, सरदार अथवा सावकार होऊन दरबारात जाता आले असते. पैसे भरण्याच्या कामास सावकाराचा वेशच अधिक शोभला असता. परंतु सरकारी भरणा ठाण्याहून राजधानीस पोहोचविण्याचे काम गावगाड्यात महाराकडे असे. उन्हातान्हात अनवाणी चालणाऱ्या त्या माणसाचा रापलेला वर्ण आणि विठ्ठलाचा वर्ण एकच होता. देवाला रूप बदलताना रंग बदलावा लागला नाही. श्यामवर्णाचा सर्वांत खोल अर्थ या ठिकाणी प्रकट होतो. तो तत्त्वज्ञानातील लयाचा रंग आहे, तसाच तो राबणाऱ्या कातडीचाही रंग आहे.

बीदरच्या बादशहाने महारांना बावन्न हक्कांची सनद दिली, अशीही एक जुनी आख्यायिका आहे. प्रत्यक्षात त्या हक्कांच्या नावाखाली वतनाची वेठबिगारी उरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महारवतनावर कठोर टीका केली ती त्यामुळेच. आणि मुंबई राज्यात ही कनिष्ठ गाववतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. मंगळवेढ्याच्याच चोखामेळ्याची कथा सर्वश्रुत आहे. १३३८ मध्ये गावकुसाच्या कामावर असता कूस कोसळून तो गेला. त्याची समाधी विठ्ठल मंदिराच्या महाद्वारासमोर आहे. कारण जिवंतपणी त्याला आत प्रवेश नव्हता. सावळा देव महार होऊन बीदरास जाऊ शकला, पण महार त्या देवाच्या गाभाऱ्यात जाऊ शकला नाही. ही अवस्था सहा शतके टिकली. साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपूरास उपोषण केले, तेव्हा मंदिर हरिजनांस खुले करण्याचा मार्ग मोकळा झाला. डॉ. आंबेडकरांनी अस्पृश्यांच्या मूळ शोधावरील आपला १९४८ चा ग्रंथ ज्या तीन संतांच्या स्मृतीस अर्पण केला, त्यांत चोखामेळा एक होता, हे विसरता येत नाही.

बीदर आणि मंगळवेढे यांना जोडणारी आणखी एक कथा कान्होपात्रेची. गणिकेच्या पोटी जन्मलेली ही लावण्यवती आपल्या तोडीचे रूप असेल त्यासच वरीन, असे म्हणे. बीदरच्या बादशहाने तिला बोलावणे धाडले, तेव्हा ती पंढरीस विठ्ठलाच्या पायांशी गेली आणि तेथेच तिने देह ठेवला. आपल्या रूपाचा जोडीदार तिला काळ्या पाषाणात सापडला. सौंदर्य आणि गोरेपणा यांची सांगड अटळ नाही, हे या कथेइतके स्पष्ट कोणी सांगितले नसेल.

या मुलखातील कारागिरांनीही तेच आपल्या रीतीने सांगितले आहे. बिदरी भांडी जस्त व तांब्याच्या मिश्रधातूची ओततात. त्यांवर मोरचुदाने तात्पुरता काळा थर देऊन नक्षी कोरतात व त्या खाचांत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवितात. शेवटी बीदरच्या किल्ल्यातील माती व नवसागर यांच्या मिश्रणात भांडे तापवून काढले की मूळ धातू कायमचा काळाभोर होतो आणि चांदी मात्र तशीच झळकते. काळेपणा हा तेथे डाग नसून पूर्णत्वाची शेवटची क्रिया आहे.

ही भावना केवळ हिंदूंचीच आहे असेही नाही. ब्राझील देशात १७१७ मध्ये कोळ्यांच्या जाळ्यात सापडलेली सावळी माता नोस्सा सेन्योरा आपारेसिदा पुढे त्या देशाची संरक्षक माता मानली गेली. स्पेनमधील मोंसेरातची माताही काळीच आहे. कष्टकऱ्यांना आपल्या वर्णाचा देव जवळचा वाटतो, हे सर्वत्र सारखेच दिसते.

मराठी घरांतही काळ्यास सर्वस्वी अशुभ मानलेले नाही. मंगळसूत्राची पोत काळी, तान्ह्या बाळाची तीट काळी, संक्रांतीची चंद्रकळा काळी. जे जपावयाचे, त्याच्या रक्षणासाठी काळा रंग योजिला जातो. मग तो माणसाच्या कातडीवर दिसताच मन का आकसावे? देवस्थानाच्या पुस्तकात महाजनांची नावे वंशपरंपरेने लागतात, आणि त्या परंपरेचा अभिमान बाळगणे योग्यच आहे. परंतु तो अभिमान गाभाऱ्यातील मूर्तीपासून घराच्या उंबरठ्यापर्यंत एकच असला पाहिजे. ज्या हातांनी सावळ्या मूर्तीस अभ्यंग घालावयाचे, त्याच हातांनी सावळी सून लक्ष्मी म्हणून घरात घ्यावी. आणि देवळाच्या पायरीवर जो राबणारा काळासावळा माणूस उभा असेल, त्याची जात विचारण्यापूर्वी बीदरच्या दरबारात रसीद मागणाऱ्या विठू महाराचे स्मरण करावे. एवढे जरी साधले, तरी श्यामसुंदराच्या उपासनेचे सार्थक झाले असे म्हणता येईल.