गाडी दमदार हवीच, पण आजीला चढता-उतरता आली पाहिजे!

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात नवी गाडी घ्यायची म्हटली की घरात दोन मतं पडतात. पोराला चोर्ला किंवा आंबोलीच्या घाटात न दमणारी गाडी हवी असते. आईचं म्हणणं एवढंच, की नीट बसता-उतरता आलं पाहिजे. बुकिंग बहुतेक वेळा पोराच्या मताने होतं. मग काही महिन्यांनी लग्न असो की जत्रा, आई म्हणू लागते, "तुम्ही जाऊन या, मी घरीच बरी." गुडघ्याचं दुखणं असतंच, पण चारचौघांत गाडीतून ओढून काढावं लागतं याची लाजही असते. खरं तर या दोन्ही गरजा एकाच गाडीत बसू शकतात. त्यासाठी काय तपासायचं ते आधी ठाऊक हवं.

सीटची उंची : टेप घेऊन जा

ग्राउंड क्लिअरन्सचा आकडा बघून फसू नये. तो गाडीच्या पोटाखालची जागा सांगतो, सीटची उंची नाही. म्हाताऱ्या माणसाला सीट साधारण ढुंगणाच्या पातळीला आली की सोयीचं पडतं. सीट खाली असली तर खड्ड्यात बसल्यासारखं होतं आणि उठताना सगळा भार गुडघ्यांवर येतो. फार वर असली तर एक पाय वर ठेवून अंग उचलावं लागतं. नऊवारी नेसणाऱ्या, बुटक्या आजीला तेही जमत नाही.

सोपा उपाय असा : घरातल्या ज्या खुर्चीतून त्या विनासायास उठतात, तिची उंची मोजावी. शोरूममध्ये जमिनीपासून सीटच्या कडेपर्यंत टेप लावावी. खुर्चीपेक्षा सीट थोडी उंच असेल तर उत्तम, खाली असेल तर ती गाडी सोडून द्यावी. बऱ्याच छोट्या गाड्यांत सीट वर-खाली करायची सोय फक्त ड्रायव्हरच्या बाजूला असते, हेही विचारून घ्यावं.

दार, उंबरठा आणि छप्पर

टाटा पंच आणि अल्ट्रोज यांची दारं ९० अंशांपर्यंत उघडतात, हा मोठा फायदा. मात्र घरासमोर गल्ली अरुंद असेल तर एवढं दार उघडायला जागाच मिळत नाही. अशा वेळी माणसांना आधी मोकळ्या जागी बसवून-उतरवून मग गाडी लावावी.

दाराखालचा उंबरठा किती उंच आणि किती रुंद आहे ते बघावं, पाय तिथेच अडकतो. छपराची उंचीही महत्त्वाची. वॅगनआरची एकूण उंची १,६७५ मिमी आहे, तर नव्या स्विफ्टची १,५२०. म्हणजे जवळपास १५ सेंटिमीटरचा फरक. उंच छपराच्या गाडीत मान फार वाकवावी लागत नाही. फ्राँक्ससारख्या गाडीत छप्पर मागे उतरतं, त्यामुळे मागच्या सीटवर बसून डोकं लागतं का ते पाहावं. स्पोर्टी सीटच्या कडा फुगीर असतात, त्यावरून सरकताना त्रास होतो. दारावरचं हँडल कुठल्या सीटला आहे, तेही बघावं.

घाटात न दमणारी म्हणजे कोणती?

पाच माणसं, एसी चालू आणि समोर चढ. अशा वेळी कमी आरपीएमला मिळणारा टॉर्क कामाला येतो. वॅगनआर दोन इंजिनांत मिळते : १.० लिटरला ८९ न्यूटन-मीटर टॉर्क, १.२ लिटरला ११३. बसायला दोन्ही सारख्याच, पण घाटात फरक जाणवतो. थोडे पैसे वाचवायला लहान इंजिन घेऊन पुढे पस्तावण्यात अर्थ नाही. आणखी दम हवा असेल तर फ्राँक्सचं १.० लिटर टर्बो सुमारे १४८ न्यूटन-मीटर देतं, नेक्सॉनचं १.२ लिटर टर्बो पेट्रोल १७०. पण नेक्सॉन उंच आहे, चढायला जमतं का ते आधी पाहावं.

एएमटी गिअरबॉक्स स्वस्त पडतो, पण गिअर बदलताना हिसका देतो. मानेचं किंवा कंबरेचं दुखणं असलेल्यांना तो बाधतो. मोठ्या अलॉयवर पातळ टायर असतील तर खड्डे थेट पाठीला लागतात.

कर आणि फिरणारी सीट

२२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे. आधी २८ टक्के आणि वर सेस होता. वरच्या सगळ्या पेट्रोल गाड्या या गटात येतात.

मारुतीने वॅगनआरसाठी बाहेर वळणारी पुढची सीटही आणली आहे. आपल्या शहरात ती बसवून मिळते का, हे डीलरकडे विचारावं. गॅरेजमधून गाडीच्या मूळ रचनेत बदल करून घेऊ नयेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे अशा बदलांवर बंधनं आहेत.

टेस्ट ड्राइव्हला आजीलाही न्या

रोजच्या कपड्यांत, रोजच्या चपलांत त्यांना घेऊन जावं. पुढे-मागे दोन्हीकडे तीन-तीन वेळा बसवून उतरवावं. अर्धा तास फिरून आल्यावर पुन्हा उतरायला सांगावं. बसण्यापेक्षा उतरणं अवघड असतं आणि अंग आखडल्यावर खरी परीक्षा होते.

बसायची पद्धतही शिकवावी. सीट पूर्ण मागे सरकवून पाठमोरं उभं राहावं, सीटचा स्पर्श पायांना झाला की आधी बूड टेकावं, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यावेत. उघड्या दाराचा आधार घेऊ नये, ते हलतं. मागे बसलं तरी बेल्ट लावायचाच. बेल्टचं कुलूप त्यांच्या हाताला लागतं का, तेही त्याच दिवशी बघून घ्यावं.

दोन गाड्यांत निवड अडली तर ज्या गाडीतून आजी कुणाचा हात न धरता उतरल्या, ती घ्यावी. इंजिन मात्र त्याच गाडीतलं मोठं घ्यावं.