‘मला माहीत नव्हतं’: बँक ऑफ बॉम्बेचे संचालक आणि त्यांची जबाबदारी

कंपनी बुडाली की संचालकांचं उत्तर बहुतेक वेळा एकच असतं: ‘आम्हाला कुणी सांगितलंच नाही.’ आजच्या भागात मला या उत्तराचा इतिहास सांगायचाय. सुरुवात आपल्या मुंबईपासूनच करू.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांपर्यंत पोचेनासा झाला आणि सगळी मागणी मुंबईकडे वळली. गावात अक्षरशः पैशांचा पाऊस पडला. मग तो पैसा गुंतवायला कंपन्या निघाल्या. त्यातली सगळ्यात गाजलेली म्हणजे समुद्रात भरणी करून जमीन काढणारी बॅक बे रेक्लमेशन कंपनी. पाच हजार रुपये भरलेला तिचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला होता. जमीन अजून पाण्याखालीच होती, हे वेगळं!

या सगळ्यात बँक ऑफ बॉम्बे होती. १८४० साली सुरू झालेली, सरकारचं भांडवल असलेली, काही संचालकही सरकारनेच नेमलेले. जुन्या सनदेत कर्जावर कडक बंधनं होती आणि खाजगी कंपनीच्या शेअरवर पैसे द्यायला मुभा नव्हती. पण १८६१च्या कायद्याने नोटा काढण्याचा अधिकार या बँकांकडून सरकारने स्वतःकडे घेतला आणि त्याच्या बदल्यात बंधनं सैल होत गेली. १८६३ साली बँकेसाठी नवा कायदा आला. त्याने शेअर तारण घेऊन कर्ज देण्याची वाट मोकळी केली, आणि तीही नेमकी सट्टा भरात असताना.

कर्जाचे व्यवहार प्रत्यक्षात सेक्रेटरीच्या हातात होते. सेक्रेटरी जेम्स ब्लेअर, आणि त्याच्यावर वजन कुणाचं? तर प्रेमचंद रायचंद यांचं. सट्ट्याच्या बाजाराचे हे अनभिषिक्त राजे बँकेचे संचालकही होते. ज्या कंपन्यांचे शेअर तारण येत होते, त्यातल्या काहींशी त्यांचे स्वतःचे हितसंबंध होते. कर्ज देणाऱ्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना एकच माणूस! (विद्यापीठाचा राजाबाई टॉवर याच प्रेमचंदांच्या देणगीतून उभा राहिला, आईच्या नावाने. माणूस एकरंगी नव्हता.)

एप्रिल १८६५मध्ये जनरल ली शरण आला. बातमी मुंबईत पोचली, कापूस कोसळला आणि त्याच्या मागोमाग शेअरही. बँकेकडे तारण म्हणून उरली ती कागदांची रद्दी. दोन कोटींच्या वर भांडवल होतं, त्यातलं बहुतेक सगळं गेलं. १८६८मध्ये बँक गुंडाळली गेली. सरकारचं नाव बघून डोळे मिटून शेअर घेतलेल्यांना आपले पैसे कुठे गेले हेसुद्धा कळेना.

मग सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. त्याने दोष वाटून दिला: नव्या कायद्याला, सेक्रेटऱ्यांना, असामान्य काळाला, योग्य कायदेशीर सल्ल्याच्या अभावाला. आणि संचालकांना? त्यांच्या निष्काळजीपणाला आणि अपात्रतेला. मला हेच शब्द सगळ्यात महत्त्वाचे वाटतात. पैसे खाल्ले असं नाही, तर लक्ष दिलं नाही, समजून घेतलं नाही. पण लक्ष न देणं हा गुन्हा आहे का? नुकसानभरपाई कुणी द्यायची? कायद्याकडे याचं नीट उत्तर नव्हतं.

फसवणुकीचं उत्तर मात्र दहा वर्षांनी स्कॉटलंडमध्ये मिळालं. ऑक्टोबर १८७८मध्ये सिटी ऑफ ग्लासगो बँक बुडाली. तिथे भागधारकांची जबाबदारी अमर्यादित होती. १८१९ भागधारकांपैकी जेमतेम २५४ जण दिवाळखोरीतून वाचले. खोटा ताळेबंद छापल्याबद्दल संचालक आणि मॅनेजर तुरुंगात गेले, कुणी अठरा महिने, कुणी आठ.

पण निष्काळजीपणाचं काय? त्याची गंमत १८९२च्या कार्डिफ सेव्हिंग्ज बँकेच्या खटल्यात दिसते. मार्क्विस ऑफ ब्यूट हे बँकेचे अध्यक्ष. वडिलांच्या जागी ते अध्यक्ष झाले तेव्हा वय किती? सहा महिने. पुढच्या ३८ वर्षांत ते एका, फक्त एका बैठकीला हजर राहिले. कोर्ट म्हणालं, यांना जबाबदार धरता येत नाही. बैठकीला न जाणं म्हणजे कर्तव्यात कसूर नव्हे! आपला कंपनी कायदा इंग्लंडच्या पावलावर पाऊल टाकून चालायचा, त्यामुळे ही ढिलाई इथेही आली.

आपल्याकडे संचालकांची कर्तव्यं कायद्याच्या पुस्तकात एके ठिकाणी, स्पष्ट शब्दांत यायला २०१३ साल उजाडलं. कंपनी कायद्याचं कलम १६६ म्हणतं, वाजवी काळजी, कौशल्य, दक्षता ठेवा आणि स्वतःची बुद्धी वापरा. स्वतःचा स्वार्थ कंपनीच्या हिताआड येऊ देऊ नका. प्रेमचंदांचं टेबल आठवतंय ना?

२०१६च्या दिवाळखोरी संहितेचं कलम ६६ आणखी पुढे जातं. कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत जाणं आता टळत नाही, हे संचालकाला माहीत होतं किंवा माहीत असायला हवं होतं, आणि तरीही त्याने धनकोंचं नुकसान कमी करण्यासाठी दक्षता घेतली नाही, तर न्यायाधिकरण त्याला स्वतःच्या खिशातून पैसे भरायला लावू शकतं. ‘माहीत असायला हवं होतं’ या चार शब्दांसमोर मार्क्विससाहेबांची पंचाईतच झाली असती.

आता एक फट बघा. त्याच २०१३च्या कायद्याचं कलम १४९(१२) स्वतंत्र संचालकांना कवच देतं. बोर्डाच्या कामकाजातून त्यांना कळलेल्या आणि त्यांच्या संमतीने किंवा संगनमताने झालेल्या गोष्टींपुरतीच त्यांची जबाबदारी, किंवा मग जिथे त्यांनी दक्षता घेतली नाही तिथे. चांगली माणसं भीतीपोटी बोर्डावर येईनाशी होतील म्हणून हे हवंच, असं समर्थक म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. पण बैठकीत कागद आला, चाळला, सही केली, एवढ्याला दक्षता म्हणायचं का? हा वाद अजून खटल्या-खटल्यागणिक लढवला जातोय.

आणि ती मुंबईची बँक? १८६८मध्येच नव्या भांडवलावर ती पुन्हा उभी राहिली, १९२१मध्ये इम्पीरियल बँकेत विलीन झाली आणि १९५५मध्ये तिचीच स्टेट बँक झाली.