स्टोइकांचा स्वीकारविचार : गुलाम एपिक्टेटस आणि सम्राट मार्कस ऑरेलियस

इसवी सनपूर्व ३०० च्या सुमारास सायप्रस बेटावरील किटिअम येथील झेनो हा अथेन्समधील एका चित्रांकित ओवरीत तत्त्वज्ञान शिकवू लागला. अशा ओवरीला ग्रीक भाषेत ‘स्टोआ’ म्हणतात. त्यावरून या परंपरेस ‘स्टोइक’ हे नाव पडले. सुमारे पाच शतके हा विचार ग्रीक व रोमन जगतात प्रभावी होता. त्याचे जे ग्रंथ आज विशेषेकरून वाचले जातात, त्यांत दोन नावे प्रमुख आहेत : गुलामगिरीत वाढलेला एपिक्टेटस आणि सम्राट मार्कस ऑरेलियस. एकच उपदेश सत्तेच्या दोन टोकांवर कसा आचरला गेला, हे या दोघांच्या चरित्रांवरून कळते. म्हणून येथे त्यांचाच विचार आम्ही करीत आहोत.

एपिक्टेटसचा जन्म इ.स. ५० च्या सुमारास हिएरापोलिस (आजच्या तुर्कस्तानातील पामुक्काले) येथे झाला. त्याच्या नावाचा अर्थच ‘मिळविलेला’ असा आहे. रोममध्ये तो एपाफ्रोडिटसचा गुलाम होता. हा धनी स्वतः नीरोच्या दरबारातील मुक्त झालेला गुलाम. दास्यात असतानाच एपिक्टेटसने मुसोनियस रूफस या आचार्याकडे अध्ययन केले. स्त्रियांनीही तत्त्वज्ञान शिकले पाहिजे, असे प्रतिपादन करणारा हाच तो मुसोनियस. पुढे एपिक्टेटस मुक्त झाला. सम्राट डोमिशियनने तत्त्वज्ञांना रोममधून घालवून दिल्यावर त्याने ग्रीसमधील निकोपोलिस येथे आपली शाळा काढली. त्याने स्वतः काहीच लिहिले नाही. त्याची प्रवचने शिष्य एरियन याने टिपून ठेवली.

त्याच्या उपदेशाचे मूळ एका विभाजनात आहे. आपले मत, आपली इच्छा व आपला तिटकारा या गोष्टी आपल्या हाती आहेत. शरीर, संपत्ती, लौकिक आणि अधिकारपद या नाहीत. दुसऱ्या वर्गातील वस्तूंना आपले मानणे, हेच दुःखाचे कारण. म्हणून आपल्या अपत्याला जवळ घेतानाही ते मर्त्य आहे याचे स्मरण ठेवावे, असे तो सांगतो. हा उपदेश वरवर कठोर वाटतो. परंतु त्यात प्रेमाचा निषेध नाही; जे प्रिय आहे ते कायमचे आपले आहे, या भ्रमाचा निषेध आहे.

मार्कस ऑरेलियस (इ.स. १२१–१८०) याने एपिक्टेटसला कधी पाहिले असेल असे दिसत नाही. त्याची प्रवचने आपल्याला रुस्टिकस या गुरूने मिळवून दिली, असे मार्कस कृतज्ञतेने नोंदवितो. इ.स. १६१ मध्ये तो सम्राट झाला. साम्राज्यात महामारी पसरली, डॅन्यूब नदीच्या सीमेवर वर्षानुवर्षे युद्ध चालले, आणि त्याची अनेक मुले लहानपणीच दगावली. या काळात त्याने ग्रीक भाषेत स्वतःसाठी टिपणे लिहिली. आज ती बारा भागांत उपलब्ध आहेत. मागील सम्राटांच्या काळची माणसे लग्ने करीत होती, आजारी पडत होती, धन साठवीत होती आणि त्यांतले कोणीच आता उरले नाही, याची आठवण तो स्वतःला करून देतो. एका गुलामाचा शब्द सम्राटाने शिरोधार्य मानावा, ही इतिहासातील दुर्मिळ घटना होय.

परंतु सम्राटाने गुलामाचा शब्द मानला, तरी गुलामगिरी तशीच राहिली. याचे कारण काय? आमच्या मते ते स्टोइकांच्या विश्वकल्पनेत आहे. त्यांच्या मते विश्वाचा कारभार एका विवेकशील दैवी शक्तीच्या योजनेने चालतो. माणूस हा नाटकातील पात्र असून भूमिका वाटणारा दुसराच आहे. भिकाऱ्याची मिळो वा अधिकाऱ्याची, ती उत्तम वठवावी, असे एपिक्टेटस म्हणतो. झेनो व क्रिसिपस यांच्या नावे सांगितलेला एक दृष्टांत असा : गाडीला बांधलेला कुत्रा राजीखुशीने चालला तर चालतो, न चालला तर फरफटत जातो. मृत्यूविषयी हे खरे आहे. पण त्या गाडीत धनी बसला असेल तर?

येथे पाली वाङ्मयाच्या अभ्यासकाला धम्मपदाच्या आरंभीची गाडी आठवेल. तेथे बैल गाडी ओढतो आणि चाक त्याच्या पावलामागून येते. दुष्ट मनाने केलेल्या कर्मामागून दुःख तसेच येते. तेथे भूमिका वाटणारा कोणी नाही. सामञ्ञफलसुत्तात पूर्वीचा दास प्रव्रजित झाल्यावर आपण त्याला अभिवादन करू, असे राजा अजातशत्रू कबूल करतो. मात्र दासाला प्रव्रज्या देऊ नये, हा नियमही विनयातील महावग्गात आहे. तो दडवून तुलना करणे प्रामाणिकपणाचे नव्हे. प्रचलित दास्यव्यवस्थेची मर्यादा दोन्हीकडे पडलेली दिसते.

आणि एपिक्टेटसलाही ती मर्यादा जाणवली होती. गुलामाने आणलेले पाणी पुरेसे ऊन नाही म्हणून संतापणाऱ्या धन्याला तो सांगतो, की हा तुझा भाऊच आहे. मी त्याला विकत घेतले आहे, असे धनी म्हणेल, तर तू मृतांच्या कायद्यांकडे पाहतोस, असे त्याचे उत्तर आहे. आजार, वियोग व मरण यांच्यासमोर स्टोइकांचा स्वीकार आदराने अभ्यासावा. त्याने शोकाचा भार हलका होतो. परंतु मृत्यू निसर्गाचा आहे आणि खरेदीखत माणसाचे. पहिल्याचा स्वीकार करण्यास शिकविणाऱ्या तत्त्वज्ञानाने दुसऱ्याचाही स्वीकार मागितला, तर एपिक्टेटसचेच हे उत्तर त्यापुढे ठेवावे.